गुडघा बदलल्यानंतर नवी सायकल: आधी क्रँक आणि सीट, मग फ्रेम

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय ५७. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून आठ महिने झाले. सर्जननी रस्त्यावर सायकल चालवायला हरकत नाही असं सांगितलंय. फिजिओथेरपिस्टनी मोजलं तेव्हा गुडघा १०८ अंशांपर्यंत वाकत होता. शस्त्रक्रियेआधी काही वर्षं गुडघ्यामुळे सायकल बंदच होती. त्याआधी ड्रॉप हँडलची रोड बाइक चालवायचो, ती अजून घरात आहे. आता रोज दहा-पंधरा किलोमीटर आणि जमलं तर वर्षभरात पन्नास किलोमीटरची एखादी राइड करायची आहे. रस्त्यात चढ आहेत. एक दुकानदार सरळ बसायची आरामदायी सायकल दाखवतो, दुसरा हायब्रिड, तिसरा ई-बाइक. कोणती घेऊ? आणि जुनी विकून टाकू का?"

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वांत कामाचा वाटला तो १०८ हा आकडा. शस्त्रक्रियेनंतर सायकलकडे परतणारे बहुतेक जण "गुडघा आता बराच वाकतो" एवढंच सांगतात. तुम्ही मोजून सांगितलंत, त्यामुळे उत्तरही मोजून देता येईल. लोकांना त्यांच्या अंगाच्या मापाने सायकली बसवून देणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि त्यातून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सायकल घेताना हँडल सरळ की वाकडं, फ्रेम कशाची, मोटर हवी की नको, हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न सीट आणि पेडल यांच्यामधल्या अंतराचा. तो सुटला तर साधी सायकलही छान चालते. तो चुकला तर महागातली सायकलही महिन्याभरात कोपऱ्यात जाऊन बसते.

पेडल फिरताना गुडघा सर्वांत जास्त दुमडतो तो पेडल अगदी वर येताना. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना १७० मिलिमीटर किंवा त्याच्या आसपासचा क्रँक, म्हणजे मधल्या आसापासून पेडलपर्यंतचा दांडा, असतो. सीटची उंची बरोबर असेल तर या क्रँकवर गुडघा वरच्या टोकाला साधारण १०५ ते ११५ अंश वाकावा लागतो. मांडी आणि नडगीच्या लांबीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे तुम्ही नेमके काठावर आहात. त्यातही एक मेख आहे. तुमचे १०८ अंश बहुधा पलंगावर आडवं असताना, स्नायू सैल सोडून, थेरपिस्टच्या हाताचा थोडा दाब घेऊन मोजलेले असणार. सायकलवर तोच गुडघा मिनिटाला साठ-सत्तर वेळा, भार घेत, आपणहून वाकायला हवा. म्हणून मोजलेल्या आकड्यातले पाच-सहा अंश हातचे राखून ठेवावेत. तुमची सायकल गुडघ्याकडून १०२-१०३ अंशांपेक्षा जास्त मागणार नाही, अशी ती हवी.

जास्त मागितलं तर काय होतं, ते मी रोज बघतो. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पेडल मारणाऱ्या माणसामागे उभे राहा आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर नजर ठेवा. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचं पेडल वर येतं तेव्हा पट्ट्याची ती बाजू बोटभर उचलली जाते आणि पेडल पुढे गेलं की पुन्हा खाली बसते. गुडघा दुमडत नाही, म्हणून शरीर अख्खा खुबा उचलून जागा करून घेतं. कुणाचा गुडघा त्या क्षणी बाहेरच्या बाजूला फेकला जातो, कुणी टाच खाली दाबतो, कुणी सीटवर नकळत मागे सरकतो. चालवणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. त्याला कळते ती दुसऱ्या दिवशीची एका बाजूची कंबरदुखी, सीटवर एकाच बाजूला सोललेली कातडी, गुडघ्यावरची सूज. मग तो म्हणतो, आता आपल्याच्याने सायकल होणार नाही. गुडघा बिचारा ठीक असतो, सायकल त्याच्या मापाची नसते.

आता त्या "आरामदायी" सायकलीबद्दल. पाठ ताठ, हँडल उंच, सीट रुंद आणि मऊ, असा हा प्रकार. हँडल उंच आहे म्हणून गुडघ्याला सोपं जाईल, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गुडघा किती वाकणार हे सीटपासून पेडलपर्यंतच्या अंतरावर ठरतं. हँडलचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नाही. उलट या सायकलींवर माणूस दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतो, आणि दुकानातही ती तशीच खाली बसवून देतात. सीट जागेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली गेली की वरच्या टोकाला गुडघ्याची घडी सुमारे तीन अंशांनी वाढते. पाच सेंटिमीटर खाली गेली, आणि ती जाते, तर सात-आठ अंशांनी. तुमच्याकडे तेवढे शिल्लकच नाहीत. पाय टेकवण्याची भीती खरी आहे, तिच्याकडे पुढे येतोच. पण तिचा उपाय म्हणून सीट कायमची खाली ठेवू नका.

मग उपाय कोणता? आखूड क्रँक. क्रँक दहा मिलिमीटरने आखूड झाला की पेडल वर दहा मिलिमीटर कमी चढतं आणि खाली दहा मिलिमीटर कमी उतरतं. खाली पाय पूर्वीइतकाच सरळ व्हावा म्हणून सीट दहा मिलिमीटर वर घ्यायची. दोन्ही मिळून वरच्या टोकाला गुडघ्याला वीस मिलिमीटर मोकळीक मिळते, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसात घडी साधारण तीन अंशांनी कमी होते. १७० वरून १५५ वर आलात तर साडेचार-पाच अंशांचा फायदा. तुमच्या १०८ साठी मी सुरुवात १५५ नेच करीन. १६५ वर थांबलात तर फरक जाणवेल, पण हातचं काही राहणार नाही.

"क्रँक आखूड म्हणजे ताकद गेली" असं दुकानात हमखास ऐकायला मिळेल. ते मनावर घेऊ नका. १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे वेगवेगळे क्रँक लावून जास्तीत जास्त किती ताकद निघते हे तपासणारा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४५ ते १९५ या पट्ट्यात फरक नगण्य निघाला. घट दिसली ती दोन टोकांना, आणि तीही थोडीच. हल्ली तर अव्वल शर्यतपटूही आखूड क्रँककडे वळले आहेत. तादेय पोगाचार २०२४ पासून १६५ मिलिमीटरवर चालवतो, तेही धडधाकट गुडघ्यांनिशी. त्यामुळे आखूड क्रँक ही आजाऱ्याची सोय आहे असं वाटून घेण्याचं काहीच कारण नाही.

अडचण मिळण्याची आहे. तयार सायकलीवर मोठ्यांसाठी १५५ क्वचितच येतो. काही कंपन्या १५० ते १६५ पर्यंतचे क्रँक सुटे विकतात, आणि लहान मुलांच्या सायकलींत १५२ हे माप नेहमीचं आहे. दुसरी सोय म्हणजे क्रँक शॉर्टनर: सध्याच्या क्रँकवर आवळायची धातूची पट्टी, तिला पेडलसाठी वेगवेगळ्या अंतरावर भोकं असतात. दिसायला ओबडधोबड, वजनाला जड, आणि पेडल थोडी बाहेर सरकवणारी. कायमसाठी मी ती लावत नाही, पण माप शोधायला तिच्यासारखं साधन नाही.

म्हणूनच जुनी रोड बाइक विकू नका, निदान आत्ता तरी. नव्या सायकलीचं माप काढायला तीच वापरायची आहे. ती होम ट्रेनरवर चढवा, साधी फ्लॅट पेडल लावा, क्रँक शॉर्टनर बसवा आणि सर्वांत आखूड भोकापासून सुरुवात करा. हँडल कितीही खाली असलं तरी चालेल. या कामापुरते हात भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर ठेवा. पहिल्या दिवशी पूर्ण चक्कर मारण्याचा हट्ट नको. पेडल पुढेमागे झुलवा, जिथे अडतं तिथून परत या. बऱ्याच जणांना पहिली पूर्ण चक्कर उलटी, म्हणजे मागच्या दिशेने, सोपी जाते. सहज फिरायला लागलं की घरातल्या कुणाला तरी मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि कमरेचा पट्टा बघा. पट्टा सपाट राहतो ती जागा तुमची. दर आठवड्याला एकेक भोक लांब जाऊन बघता येईल, पण पट्टा हलायला लागला की एक पाऊल मागे. अशा रीतीने दोन-तीन आठवड्यांत क्रँकचं माप तुमच्या हातात येईल. तोवर नव्या सायकलीसाठी पैसे मोजू नका.

सीटची उंचीही नव्यानेच शोधायची. जुन्या सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, खूण केलेली असेल तर ती विसरा. सांधा बदलताना बाक आलेला पाय सरळ केला जातो, तेव्हा तो काही मिलिमीटर लांबही होऊ शकतो. शिवाय क्रँक बदलला आहे. सुरुवातीचं माप असं घ्या: पेडल सर्वांत खाली, त्यावर टाच, आणि पाय सरळ. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघा खालच्या टोकाला २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान वाकलेला हवा. हे दोन्ही पायांनी करून बघा. दोन्हींत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत दिसली तर अंदाजपंचे काही करू नका, फिटरला दाखवा; एका बाजूला पेडलची उंची वाढवून ती भरून काढता येते. आतल्या पायाची लांबी गुणिले ०.८८३ हे सूत्र तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ते अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखलं जातं. शिकारीत बंदुकीचे छर्रे लागून १९८७ मध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या या माणसाने १९८९ ची टूर द फ्रान्स ८ सेकंदांनी जिंकली, आणि शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत आवर्जून सांगतो. त्यांचं सूत्र मात्र धडधाकट पायांच्या शर्यतपटूंसाठी आहे, तुमच्या पायासाठी नाही.

सीट हलवताना एका वेळी तीन ते पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नको, आणि मग दोन-तीन राइड तशाच होऊ द्या. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा जास्त पुढे आहे. मागच्या बाजूला, लवणीत ओढ बसत असेल तर ती वर गेली आहे.

आता पाय टेकवण्याची भीती. आखूड क्रँकमुळे सीट वर जाते, म्हणजे जमीन आणखी लांब. ही खरीच पंचाईत आहे आणि तिच्यावर मला सर्वांत आवडणारा उपाय ड्रॉपर सीटपोस्ट आहे. हा माउंटन बाइकवाल्यांचा शोध. हँडलवरची कळ दाबली की सीट तुमच्या वजनाने खाली जाते. पुन्हा कळ दाबून थोडं उठलं की वर येते. थांबताना खाली, चालू झाल्यावर वर. पेडल मारताना उंची बरोबर, थांबताना दोन्ही तळवे जमिनीवर. माउंटन बाइकसाठी घेतलेल्या या गोष्टीचा उपयोग गुडघा किंवा खुबा बदललेल्या माणसाला कितीतरी जास्त होतो, आणि तरी दुकानात ती कुणी सुचवत नाही. तुमच्या फ्रेमच्या सीट ट्यूबचा व्यास कोणता आणि त्यात ड्रॉपर बसतो का, हे सायकल घेण्याआधी विचारा. दुसरा मार्ग म्हणजे क्रँक सीटच्या बराच पुढे बसवलेल्या सायकली. त्यांवर पाय नीट सरळ होतो आणि तरी जमिनीला टेकतो. सपाट रस्त्याला त्या छान. चढावर मात्र शरीराचं वजन पेडलवर येत नाही, म्हणून तुम्हाला त्या सुचवणार नाही.

गिअरबद्दल दुकानात "एकवीस गिअर", "चोवीस गिअर" असे आकडे सांगतात. त्या संख्येला काही अर्थ नाही. तुम्ही फक्त सर्वांत हलका गिअर बघा: पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात. उत्तर एक आलं तर पेडलच्या एका चकरेत चाक एकदा फिरतं, म्हणजे ४० मिलिमीटर टायरच्या ७०० सी या नेहमीच्या मापाच्या चाकावर सुमारे २.२ मीटर. मिनिटाला साठ चकरांनी हा वेग ताशी आठ किलोमीटर होतो. चढावर तुमचा वेग त्याच्या खाली जाईल, आणि मग चकरा कमी होऊन प्रत्येक चकरेला जोर वाढेल. तो जोर सगळा गुडघ्यावर. पुढे ३० आणि मागे ४० असतील तर उत्तर ०.७५ येतं, म्हणजे ताशी सहा किलोमीटरलाही साठ चकरा चालू राहतात. त्यात आखूड क्रँकचा हिशोबही धरायला हवा: १७० वरून १५५ वर आल्यावर तरफ नऊ टक्क्यांनी कमी होते, म्हणून गिअर तेवढा आणखी हलका लागतो. माझं सांगणं असं की चढाच्या रस्त्यासाठी ०.७५ किंवा त्याखाली. तयार सायकलीत तेवढं नसेल तर पुढची चेनरिंग लहान करून घेणं सोपं आणि तुलनेने कमी खर्चाचं काम आहे. जोर लावून कमी चकरा मारण्याची सवय शर्यतीच्या दिवसांपासून अंगात असते, तुमच्याही असेल, ती मोडा. मिनिटाला ७० ते ८० चकरा, पेडलवर हलका दाब.

चेनचे गिअर सायकल चालू असतानाच बदलतात. अचानक थांबावं लागलं आणि गिअर जड राहिला तर पुन्हा निघताना पहिला धक्का तुमच्या गुडघ्याला बसतो. म्हणून थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय लावून घ्या. मागच्या हबच्या पोटात गिअर असलेल्या सायकलींत उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. गर्दीच्या रस्त्यावर वारंवार थांबणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा, फक्त सर्वांत हलका गिअर किती हे तिथेही तपासून.

निघताना जोर डाव्या, म्हणजे चांगल्या पायाने लावा. डावं पेडल अगदी वर न ठेवता थोडं पुढे आणून ठेवा, उजवा पाय जमिनीवर, आणि मग निघा. हे आधी मोकळ्या जागेत घोटून घ्या.

फ्रेमबद्दल. सायकलवर बसताना बहुतेक जण डावीकडे उभं राहून उजवी टांग मागून टाकतात. तुमचा उजवाच पाय शस्त्रक्रियेचा. तो सीटवरून मागे फिरवताना गुडघा वाकलेला, पिळलेला आणि हवेत असतो; त्यातच बूट कॅरियरला किंवा सीटला अडकला की तोल गेलाच. म्हणून दांडी खाली असलेली, पाय मधून ओलांडता येईल अशी फ्रेम घ्या. पुरुषांना ही लेडीज सायकल म्हणून नको वाटते, हे मला माहीत आहे. पण हल्लीच्या अशा फ्रेम चांगल्या ताठ असतात, आणि बदललेल्या सांध्याला सर्वांत मोठा धोका पेडल मारण्यातून नाही, पडण्यातून आहे. कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड मोडलं तर ते दुरुस्त करणं फार किचकट होतं. दांडीची सायकलच हवी असेल तर चढताना ती आपल्याकडे चांगली तिरकी करून, सीट खाली आणून, मग टांग टाकायची.

हायब्रिड (सरळ हँडलची, रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) की ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल? गुडघ्यापुरतं बोलायचं तर दोन्ही चालतील. फरक पडतो तो पाठीला, मानेला, आणि किती वाकून बसता त्यावरून खुब्याला. इतक्या वर्षांनी परतताना हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर असावं. म्हणून फ्रेमच्या मापांत स्टॅक, म्हणजे क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, जास्त बघा आणि रीच, म्हणजे आडवं अंतर, कमी. खालीवर होणारा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, लावून घेतला तर अंग मोकळं होईल तसं हँडल खाली आणता येतं. पुढे सस्पेन्शनचा स्वस्त फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा चिमटा) असलेली हायब्रिड टाळा. ते वजन चढावर तुम्हीच ओढणार. त्यापेक्षा ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर आणि त्यात बेताची हवा खड्ड्यांचा मार चांगला खातात.

टायर पंक्चर-रोधक पट्टीचे घ्या, याला एक खास कारण आहे. बदललेल्या गुडघ्यावर टेकून बसणं बहुतेकांना नकोसं होतं, वणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिरही असते. रस्त्याच्या कडेला एका गुडघ्यावर बसून चाक काढणं म्हणूनच तुम्हाला जड जाईल. चांगले टायर, चटकन सुटणारी चाकं आणि घरात उभ्याने काम करता येईल असा स्टँड, एवढी सोय करून ठेवा. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असावेत, एका बोटाने लागतात.

पेडल फ्लॅट, रुंद, बारीक खिळ्यांची. बूट अडकवायची पेडल निदान पहिलं वर्ष नकोत. त्यांतून पाय सोडवताना टाच बाहेर पिळावी लागते आणि तो पीळ गुडघ्यात जातो. ऐन वेळी बूट सुटला नाही तर तुम्ही आडवे. पुढे कधी लावलीच तर स्प्रिंग अगदी सैल आणि पायाला डावीउजवीकडे हलायला जागा देणारी क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पट्टी. फ्लॅट पेडलवर पाय आपली दिशा आपण शोधतो. शस्त्रक्रियेनंतर ती दिशा पूर्वीची राहिलेली नसते, म्हणून हे स्वातंत्र्य मोलाचं.

ई-बाइकला मी विरोध करणार नाही. चढामुळे तुम्ही घराबाहेरच पडणार नसाल तर ई-बाइक घ्या. पण मोटरला टॉर्क सेन्सर हवा, म्हणजे तुम्ही जेवढं दाबाल त्या प्रमाणात ती मदत करील. स्वस्त सायकलींत फक्त पेडल फिरतंय का हे बघणारा सेन्सर असतो. त्यात मदत उशिरा आणि एकदम येते. वळणावर किंवा निघताना असा अनपेक्षित धक्का बसला की पाय पटकन जमिनीवर टाकावा लागतो, आणि तेच आपल्याला टाळायचंय. दुसरं, ई-बाइकचं वजन वीस-पंचवीस किलो. ती जिन्यावरून उचलावी लागणार असेल तर हिशोब बदलतो. आणि क्रँकची लांबी तिथेही बघावीच लागते, मोटर असली म्हणून गुडघा कमी वाकत नाही.

हे वाचणाऱ्यांत इतर शस्त्रक्रियांतून उठलेलेही असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. खुबा बदललेल्यांनी आधी सर्जनला विचारावं की कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत. मागून शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचा काळ खुबा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नसतो, म्हणजे खाली दांडी, उंच हँडल, आखूड क्रँक हे तिघंही हवेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर अगदी ताठ बसायची सायकल चांगली असं वाटतं, पण तशा बैठकीत प्रत्येक खड्डा माकडहाडातून थेट वर जातो. थोडं पुढे झुकून काही भार हातांवर, रुंद टायर आणि सस्पेन्शन सीटपोस्ट, हे बरं. छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर छातीचं हाड पक्कं होईपर्यंत हातांवर भार नको, आणि बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी औषधं) चालू असतील तर मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. औषध ते वर जाऊच देत नाही. पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता येतं का, हेच बघावं. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मधे खाच असलेली, बैठकीच्या हाडांच्या रुंदीची सीट, आणि डॉक्टरांनी तारीख दिल्याशिवाय सुरुवात नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी हेल्मेटशिवाय अंगणातही चालवू नये.

आता तुमच्यासाठी निर्णय. खाली दांडीची, ताठ फोर्कची हायब्रिड; क्रँक १५५ किंवा ट्रेनरवर जो ठरेल तो; सर्वांत हलका गिअर ०.७५ च्या आसपास, ड्रॉपर सीटपोस्ट, ४० चे टायर, फ्लॅट पेडल. दुकानदाराला पैसे देण्याआधी सांगा की क्रँक आणि चेनरिंग बदलूनच सायकल घेणार, आणि त्यावर अर्धा तास चालवून बघणार. "आधी घेऊन जा, नंतर बघू" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. पन्नास किलोमीटर या सायकलवर आरामात होतील. गुडघा पुढेमागे ११५-११८ पर्यंत वाकायला लागला आणि ड्रॉप हँडलची ओढ राहिलीच, तर जुन्या रोड बाइकला १६० चा क्रँक लावून तीही रस्त्यावर काढता येईल.

पहिले काही आठवडे सपाट रस्ता, वीस मिनिटं, एक दिवसाआड. गुडघ्यातून टक टक आवाज येईल. धातू आणि प्लॅस्टिकच्या सांध्यात तो बऱ्याचदा येतो, दुखत नसेल तर घाबरू नका. राइड कशी झाली हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. दोन्ही गुडघ्यांना तळहात लावून बघा. उजवा आदल्या दिवसापेक्षा जास्त गरम किंवा सुजलेला असेल तर पुढच्या वेळी अंतर निम्मं. मात्र पोटरी सुजून दुखत असेल, ताप येत असेल किंवा वणातून पाणी येत असेल तर सायकलचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनकडे.

फ्रेमचा साइज सांगायला मला आणखी तीन गोष्टी लागतील: तुमची उंची आणि आतल्या पायाची लांबी, १०८ अंश आडवं असताना मोजले की बसून, आणि उजवा गुडघा पूर्ण सरळ होतो की काही अंश वाकलेलाच राहतो. एवढं कळवा.